आमची वाटचाल : राज्याबाहेरच्या बिलावरचा कर

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत १९९८ साली वडिलांनी भाड्याच्या शेडमध्ये बिडाच्या कास्टिंगचे काम सुरू केले, तेव्हा पहिली मोठी ऑर्डर बेळगावच्या एका पंप उत्पादकाची होती. निपाणीमार्गे गेलेला माल त्याच दिवशी पोहोचत असे. परंतु तो राज्याची हद्द ओलांडत असल्याने त्यावर केंद्रीय विक्रीकर लागे, आणि नाव केंद्रीय असले तरी तो कर माल पाठवणाऱ्या राज्याकडे, म्हणजे महाराष्ट्राकडेच राहत असे. खरेदीदाराने सी फॉर्म, म्हणजे सवलतीच्या दरासाठीचे प्रमाणपत्र, दिल्यास त्याचा दर ४ टक्के होता, नाही तर जास्त. बेळगावच्या उत्पादकाला या कराची वजावट, म्हणजे खरेदीवर दिलेला कर स्वतःच्या देय करातून कमी करण्याची सोय, कर्नाटकात मिळत नसल्याने आमचे कास्टिंग त्याला तेवढ्याने महाग पडे आणि आम्हाला भाव उतरवून द्यावा लागे. एका ग्राहकाने दोन वर्षांचे सी फॉर्म दिलेच नाहीत. कर खात्याच्या असेसमेंटच्या वेळी फरकाची रक्कम व्याजासह आम्हाला भरावी लागली आणि त्या वर्षी नवे मोल्डिंग यंत्र घ्यायचे राहून गेले.

२००५ च्या १ एप्रिलला महाराष्ट्रात व्हॅट (मूल्यवर्धित कर) आला. पुढे केंद्रीय विक्रीकर २००७ मध्ये ३ आणि २००८ मध्ये २ टक्क्यांवर उतरला, कारण वस्तू व सेवा कर (जीएसटी) आणायचा तर हा कर संपवणे आवश्यक होते. अर्थतज्ज्ञ विजय केळकरांच्या अभ्यासगटाने या नव्या कराची मांडणी करून ठेवलेली होती आणि २००६ च्या अर्थसंकल्पात त्यासाठी १ एप्रिल २०१० ही तारीखही दिली गेली. ती टळली. राज्यांचा मुख्य प्रश्न एकच होता : कर जिथे माल वापरला जातो त्या राज्याला जाणार असेल, तर जिथे तो तयार होतो त्या राज्याचे काय?

जीएसटीसाठीच्या २०१४ च्या घटनादुरुस्ती विधेयकात उत्पादक राज्यांसाठी आंतरराज्य विक्रीवर दोन वर्षे १ टक्का जादा कराची तरतूद होती. आपले राज्य कारखान्यांना जमीन, रस्ते आणि पाणी देते, तेव्हा एवढा वाटा त्याला मिळालाच पाहिजे, असे त्या वेळी माझे ठाम मत होते. मात्र त्या १ टक्क्याचीही वजावट खरेदीदाराला मिळणार नव्हती, म्हणजे केंद्रीय विक्रीकराचे जुने ओझे नव्या नावाने आमच्याच भावावर बसणार होते, हे हिशेब मांडल्यावर माझ्या लक्षात आले. ३ ऑगस्ट २०१६ रोजी राज्यसभेने विधेयक मंजूर केले, तेव्हा ती तरतूद वगळलेली होती, आणि ते योग्यच झाले असे मी आज मानतो.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि आमच्या बेळगाव, हुबळीच्या बिलांवर १८ टक्के आयजीएसटी, म्हणजे आंतरराज्य विक्रीवरचा जीएसटी, लागू लागला. त्याची पूर्ण वजावट ग्राहकाला मिळत असल्याने भावाची घासाघीस कमी झाली आणि तीन वर्षांत कर्नाटकातले आमचे ग्राहक दुपटीहून अधिक झाले. राज्याच्या तिजोरीचा हिशेब मात्र वेगळा आहे. आम्ही कच्चे लोखंड आणि भंगार महाराष्ट्रात घेतो आणि त्यावर एसजीएसटी, म्हणजे राज्याच्या वाट्याचा जीएसटी, देतो. त्याच्या वजावटीचा (क्रेडिटचा) काही भाग आम्ही आयजीएसटी भरण्यासाठी वापरला, की तेवढी रक्कम महाराष्ट्राला केंद्राकडे वळती करावी लागते, आणि शेवटी पंप ज्या राज्यात विकला जातो त्या राज्याला तिथला वाटा मिळतो. तत्त्व म्हणून हे मला मान्य आहे, कारण कर अखेर पंप घेणाऱ्याच्या खिशातून जातो. तरीही आमच्या वसाहतीतल्या रस्त्यांवरून जड वाहने धावतात, तो खर्च कुठून भागवायचा, हा राज्याचा प्रश्न खरा आहे.

याच प्रश्नावर तोडगा म्हणून राज्यांना २०१५-१६ चे उत्पन्न पायाभूत धरून वार्षिक १४ टक्के वाढीची हमी पाच वर्षांसाठी देण्यात आली होती. करोनाच्या २०२० साली ही हमी पाळण्यासाठी लावलेला भरपाईचा उपकर अपुरा पडला, केंद्र व राज्यांत तीव्र वाद झाला आणि शेवटी केंद्राने राज्यांच्या वतीने १.१ लाख कोटी रुपयांचे कर्ज उभे केले. ३० जून २०२२ ला हमीची मुदत संपली. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर प्रामुख्याने ५ आणि १८ टक्क्यांवर आणले गेले, तेव्हा विरोधी पक्षांच्या आठ राज्यांनी महसुली तुटीची भरपाई पुन्हा मागितली. आमचा माल घेणारे कर्नाटकही त्यांत होते. जीएसटीचे निर्णय घेणाऱ्या केंद्र व राज्यांच्या परिषदेत केंद्राच्या मताचे वजन एक तृतीयांश आणि निर्णयाला तीन चतुर्थांश बहुमत लागत असल्याने केंद्राच्या संमतीशिवाय काहीच मंजूर होत नाही. ही रचना राज्यांना, त्यातही उत्पादक राज्यांना, अपुरी वाटते यात मला नवल वाटत नाही.

गेल्या वर्षी विजेवर चालणारी दुसरी इंडक्शन भट्टी बसवण्याचा निर्णय घ्यायचा होता. फौंड्रीत विजेचा खर्च मोठा असतो, वीज जीएसटीच्या बाहेर आहे आणि तिच्यावरील शुल्काची वजावट मिळत नाही. त्यामुळे भट्टी हद्दीपलीकडे नेण्याचा विचार घरात झाला. कोल्हापूरच्या उद्योजकांनी विजेच्या दरावरून असा इशारा पूर्वी दिलेलाच आहे. मग मी आमच्या बत्तीस कामगारांच्या पगाराचा हिशेब मांडला. त्यांतला बहुतेक पैसा शिरोली, हातकणंगले आणि कोल्हापूरच्या दुकानांत खर्च होतो आणि त्यावरचा एसजीएसटी महाराष्ट्राकडेच राहतो. बाहेर जाणाऱ्या आमच्या बिलांवर राज्याला काही मिळत नसले, तरी या वाटेने मिळते, आणि भट्टी हलवली असती तर तेही गेले असते. दुसरी भट्टी शिरोलीतच बसली आहे. तिच्यातला पहिला लॉट पंपाच्या केसिंगचा होता आणि तो आयजीएसटीच्या बिलावर बेळगावला गेला.