२०२२ मधलं जपान: आधी कोविडचा तिसरा डोस, मग तिकीट

कोविडच्या बंदीनंतर जपानने ११ ऑक्टोबर २०२२ पासून आपापलं फिरणाऱ्या पर्यटकांना पुन्हा आत घ्यायला सुरुवात केली. जूनपासून पर्यटक येत होते, पण टूर कंपनीच्या पॅकेजमध्येच, आणि सुरुवातीला तर गाइडच्या मागे मागे. दिवसाला बाहेरून एकूण किती माणसं आत घ्यायची याचीही मर्यादा होती. ती वाढत वाढत ५० हजारांवर आली आणि मग गेलीच. बातमी वाचली आणि आम्ही नोव्हेंबरचा बेत ठरवला, म्हणजे क्योतोला मेपलची लाल पानं मिळतील. परत आल्यावर ओळखीतला जो तो नियम विचारत होता, म्हणून तेव्हा काय काय लागलं ते लिहूनच टाकतो.

व्हिसाचं थोडक्यात. ६८ देशांना व्हिसामाफी परत मिळाली, पण भारत त्या यादीत पूर्वीही नव्हता आणि आताही नाही. त्यामुळे बँक स्टेटमेंट, आयकर विवरणपत्र, दिवसवार कार्यक्रम, सगळं नेहमीसारखं. जपानमधल्या कंपनीने आपली हमी घेऊन नोंदणी करायची, तो ईआरएफएसचा प्रकार पर्यटकांसाठी संपला. त्याचे पैसे कुणी एजंट तेव्हाही मागत असेल तर सरळ उठून यायचं.

खरी मेख कोविडच्या लसीत होती. तीन डोस झाले असतील तर चाचणी नव्हती. दोनच असतील तर निघण्याआधी ७२ तासांच्या आतली निगेटिव्ह चाचणी लागायची. कोव्हिशील्ड आणि कोव्हॅक्सिन दोन्ही चालायच्या. आपल्याकडे प्रिकॉशन डोस, म्हणजे हाच तिसरा, १५ जुलैपासून ७५ दिवस फुकट मिळत होता, तरी पुष्कळांनी तो घेतलाच नाही. माझा मेहुणा त्यातलाच. त्याच्या चाचणीपायी आमची जी तारांबळ उडाली ती सांगतो.

जपानला नुसता ‘निगेटिव्ह’ शब्द पुरत नव्हता. नमुना कुठून घेतला, कोणत्या पद्धतीने तपासला, कोणत्या तारखेला आणि किती वाजता घेतला, हे सगळं रिपोर्टवर लागायचं. फक्त घशातला नमुना चालत नव्हता. लॅबमधला मुलगा स्वॅबची काडी घेऊन घशाकडेच वळला होता. त्याला थांबवून म्हटलं, "नाकातलाही घे रे, आणि रिपोर्टवर तसं लिहून दे." तो म्हणाला, "आमच्या रिपोर्टात वेळ छापून येत नाही हो." शेवटी त्यांच्या डॉक्टरीणबाईंनी जपान सरकारचा नमुना फॉर्म भरून सहीशिक्का दिला. तो फॉर्म छापून सोबतच न्यायचा. आणि हे सगळं निघण्याच्या तोंडावर. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला असता तर तिकीट, हॉटेल सगळं पाण्यात. म्हणून तेव्हा सगळ्यांना म्हणत होतो, वेळ हाताशी असेल तर डोस घ्या.

दुसरं दुखणं नावाचं. कोविनच्या लस-प्रमाणपत्रावरचं नाव बहुतेकांचं आधारवरून आलेलं, आणि पासपोर्टवर मध्ये वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव. कोविनवर ‘रेझ ॲन इश्यू’मध्ये जाऊन नाव पासपोर्टप्रमाणे करून घ्यावं लागायचं आणि पासपोर्ट नंबर जोडावा लागायचा. तिन्ही डोसांच्या तारखा दिसतात ना, तेही बघावं लागायचं. मग हे प्रमाणपत्र जपान सरकारच्या ‘व्हिजिट जपान वेब’ या संकेतस्थळावर चढवायचं. आधी यासाठी मायएसओएस नावाचं ॲप होतं, नोव्हेंबरात ते काम इकडे आलं.  तपासणी झाली की मोबाइलचा पडदा निळा व्हायचा. त्याचा आणि इमिग्रेशन, कस्टम्सच्या क्यूआर कोडांचा स्क्रीनशॉट काढून ठेवायचा. विमानतळावरच्या वायफायवर भिस्त नको.

तोक्योजवळच्या नारिता विमानतळावर उतरल्यावर लांबलचक चालणं आहे. वाटेत कर्मचारी उभे असायचे, निळा पडदा बघायचे आणि पुढे सोडायचे. एका बाजूला रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा होत्या. त्याआधी काही महिने उतरल्यावर लाळेची चाचणी व्हायची, आणि तोंडाला पाणी सुटावं म्हणून बूथमध्ये लिंबाचे आणि उमेबोशी या खारवलेल्या आंबट फळाचे फोटो लावलेले असत. जपानी व्यवस्थेला माझा यासाठी विशेष सलाम. आम्ही गेलो तेव्हा लक्षणं नसतील तर ही चाचणी होत नव्हती.

देशात फिरताना मास्कची कायद्याने सक्ती नव्हती, पण तेव्हा रेल्वेत बिनमास्कचा माणूस शोधून सापडत नव्हता. गपगुमान लावायचा. हॉटेलं मात्र लवकर धरावी लागायची. जपान सरकारने ऑक्टोबरपासून तिथल्या रहिवाशांना देशांतर्गत प्रवासावर ४० टक्क्यांपर्यंत सवलत दिली होती. ती आपल्याला लागू नव्हती, गर्दी मात्र आपल्या वाट्याला यायची. क्योतोत शनिवार-रविवार टाळा. येन घसरला होता, तेवढाच दिलासा: ऑक्टोबरात डॉलरला १५० येनच्या पलीकडे गेला होता. जपानी रेल्वेचा पर्यटकांसाठीचा सात दिवसांचा जेआर पास तेव्हा २९,६५० येनला होता. तोक्यो-क्योतो जाऊन-येऊन आणखी एखादा लांबचा पल्ला असेल तरच परवडायचा.

औषधांची पिशवी तपासून घ्या. स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांहून जास्त असलेली सर्दीची औषधं तिथे नेता येत नाहीत, आणि कोडीनवाल्या खोकल्याच्या औषधालाही निर्बंध आहेत. विम्यात कोविडचा उपचार धरलाय का, तेही विचारा.

परतताना काहीच नव्हतं. भारतात येणाऱ्यांनी भरायचा एअर सुविधा हा कोविडचा फॉर्म भारताने २२ नोव्हेंबरपासून बंद केला, आम्ही त्यानंतर उतरलो.

ता. क. (जानेवारी २०२३): वरचा परिच्छेद फार दिवस चालला नाही. चीन, हाँगकाँग, जपान, दक्षिण कोरिया, सिंगापूर आणि थायलंडहून येणाऱ्यांना १ जानेवारीपासून निघण्याआधी ७२ तासांच्या आतली आरटी-पीसीआर पुन्हा लागू लागली, आणि रिपोर्ट एअर सुविधावर चढवावा लागायचा. यादीत जपान होता, म्हणजे तीन डोसवाल्यांनाही येताना चाचणी चुकत नव्हती. तिथे लॅबची वेळ आधीच घेऊन ठेवायची.