नृत्याच्या अनुदानासाठी अर्ज करताना

अनुदान असो, रेसिडेन्सी (एखाद्या संस्थेत काही काळ राहून काम करायची संधी) असो की अभ्यासवृत्ती, निवड समितीसमोर अर्जांचा ढीग असतो. तुमच्या व्हिडिओचं पहिलं अर्धं मिनिट म्हणूनच मोलाचं. तिथे नामावली नको, थेट नाच हवा. कॅमेरा तिवईवर ठेवा, डोक्यापासून पावलांपर्यंत अख्खं शरीर चौकटीत घ्या. पावलंच कापली गेली तर पदन्यास दिसणार कसा? जाहिरातीसारखे तुकडे जोडलेला व्हिडिओ तर अजिबात देऊ नका. त्यात ना नर्तकाचा दम कळतो, ना रचनेची बांधणी. २-३ मिनिटांचा सलग भाग पुरे. लिंक दुसऱ्याच्या फोनवर उघडून बघा. बघायची परवानगीच दिलेली नसल्यामुळे चांगलं काम बाजूला पडतं, तेव्हा फार वाईट वाटतं.

अंदाजपत्रकात तालमींचं मानधन हमखास राहून जातं. ४ नर्तक, २० तालमी, प्रत्येक तालीम ३ तासांची, म्हणजे २४० तास झाले. त्याला ताशी दराने गुणा. स्वतःचं मानधन वेगळं लिहा. संगीताचे हक्क, प्रकाशयोजना, प्रवास आणि वर साधारण १० टक्के आकस्मिक खर्च धरा.

संशोधकांची अडचण निराळी. ‘नृत्य आणि समाज’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. एकच प्रश्न घ्या आणि त्याचं उत्तर कुठे शोधणार ते सांगा: जुनी चित्रफीत, लाबान नोटेशन (हालचाली चिन्हांत लिहून ठेवायची पद्धत), की गुरूंच्या मुलाखती? मुलाखती असतील तर संमती कशी घेणार, तेही लिहा.

शिफारसपत्र किमान ३ आठवडे आधी मागा, सोबत अर्जाचा मसुदा पाठवा. नुसतं नाव कळवलं की पत्रही गुळमुळीतच येतं.