कृत्तिका: चार खिडक्या आणि एक घसरलेला कॉलम

गाया या युरोपच्या अवकाश दुर्बिणीच्या माहितीतून कृत्तिकेचे तारे वेगळे काढायचे ठरवलं होतं, ते अखेर निघाले. मात्र त्यासाठी तीन रविवार गेले आणि त्यातले दोन निव्वळ माझ्या वेंधळेपणापायी.

रामबागेतल्या आमच्या गच्चीवरून, इंदूरच्या झगमगाटात, कृत्तिका म्हणजे जेमतेम पाच ठिपके. म्हणून गायाच्या २०२२च्या यादीतून कृत्तिकेभोवतीचं अडीच अंश त्रिज्येचं वर्तुळ उतरवून घेतलं, १५व्या प्रतीपर्यंतचे तारे (प्रत म्हणजे तेजाची मोजपट्टी, आकडा मोठा तितका तारा मंद). प्रत्येकाच्या नावावर सात आकडे: आकाशातल्या जागेचे दोन, प्रॉपर मोशनचे (ताऱ्याच्या आकाशातल्या सरकण्याचे) दोन, पॅरलॅक्स (ज्यावरून अंतर काढतात ते ताऱ्याचं भासमान हलणं), तेज, रंग. एका आलेखात हे मावत नाही, म्हणून चार खिडक्या केल्या. आकाशाचा नकाशा, प्रॉपर मोशन, पॅरलॅक्सचा हिस्टोग्राम (कुठल्या आकड्याचे किती तारे, हे दाखवणारे खांब), रंग-तेज आलेख (आडवा रंग, उभं तेज). एकीत ब्रशने, म्हणजे माऊसने, चौकोन ओढला की उरलेल्या तिन्हींत तेच तारे केशरी होतात.

वापरली पायथन या प्रोग्रामिंग भाषेतली, आलेख काढणारी अल्टेअर लायब्ररी. (अल्टेअर म्हणजे आपला श्रवण, एवढ्यावरच मी ती निवडली, हे कबूल.) पाच हजारांहून जास्त ओळी दिल्या की ती सरळ हात वर करते. मर्यादा बंद करता येते. मग लॅपटॉपचा पंखा बोलू लागतो, पण काम होतं.

ब्रश आधी नकाशात फिरवला. चूक. तिथे पुढचे, मागचे, पुंजक्यातले सगळे एकाच चौकोनात येतात आणि बाकीच्या खिडक्यांत नुसता गोंधळ दिसतो. प्रॉपर मोशनच्या खिडकीत मात्र शून्यापाशी मोठा ढग आणि त्यापासून लांब, वर्षाला पूर्वेकडे साधारण २० आणि दक्षिणेकडे ४५ मिलिआर्कसेकंद (एक मिलिआर्कसेकंद म्हणजे अंशाचा छत्तीस लाखावा भाग) या जागी, छोटासा घट्ट घोळका: एकत्र सरकणारे कृत्तिकेचे तारे. बेकर आणि क्लीव्हलँड यांनी १९८७च्या निबंधात स्कॅटर प्लॉटवर (ठिपक्यांच्या आलेखावर) ब्रश फिरवून दाखवला होता. ब्रश धरायचा कुठे, हे मात्र ज्याचं त्यालाच शोधावं लागतं.

घोळका पकडला. हिस्टोग्राममध्ये ७.४ मिलिआर्कसेकंदापाशी सुळका उभा राहिला, म्हणजे सुमारे १३५ पार्सेक, ४४० प्रकाशवर्षं. वा! पण रंग-तेज आलेखात, जिथे एका पुंजक्याचे तारे एका रेघेत यायला हवेत, तेच तारे पोह्यांवर भुरभुरलेल्या शेवेसारखे पसरलेले.

दोन रविवार मी खगोलशास्त्रात चूक शोधत बसलो. मग एकच तारा निवडला, कृत्तिकेतला ठसठशीत निळा. आलेखात त्याची उभी जागा बरोबर, आडवी पार लाल टोकाला. तेज ठीक, रंग दुसऱ्याचाच! झालं असं, की काही ताऱ्यांना रंगाचा आकडाच नव्हता. त्या ओळी मी गाळल्या आणि उरलेला कॉलम ओळींच्या क्रमाने शेजारी चिकटवला. पहिल्या रिकाम्या जागेपासून खालचा प्रत्येक रंग वर सरकला. आता जोडणी फक्त ताऱ्याच्या गाया-क्रमांकावरून करतो.

दुरुस्तीनंतर ब्रश फिरवला, तर शेवेच्या जागी एक बारीक, बाकदार रेघ. तिच्या किंचित वर, पाऊण प्रतीच्या अंतरावर, दुसरी पुसट रेघ. त्या रेघेवर ब्रश धरला. प्रॉपर मोशन तेच, पॅरलॅक्स तेच, नकाशात पुंजकाभर विखुरलेले. हे जोडतारे! दोन सारखे तारे एकच ठिपका होऊन दिसतात, तेज दुप्पट, म्हणजेच पाऊण प्रतीने उजळ. रंग तोच राहतो, म्हणून रेघ सरळ वर उचललेली. हे मी वाचलं होतं, पण स्वतःच्या ब्रशखाली सापडल्यावर दोनदा खुर्चीवरून उठलो.

बाबा मागे उभे होते. "कृत्तिका सहा ना रे? इथे तर शेकड्यांनी दिसतायत."

"त्या सहा यातच आहेत, बाबा."

"दाखव बरं."

दाखवता आल्या नाहीत. नावं कुठल्याच खिडकीत लिहिलेली नव्हती. आता ठिपक्यावर कर्सर नेला की नाव दिसेल एवढं करतोय. ते झालं की पुष्यातला एम४४ हा तारकापुंज घ्यायचा. प्रॉपर मोशनच्या खिडकीत त्याचा घोळका उणे ३६, उणे १३च्या आसपास आहे, म्हणजे पश्चिमेकडे ३६ आणि दक्षिणेकडे १३.