चावी पिळली आणि पाणी वाढलं

मार्चमधल्या एका सोमवारी सकाळी सातलाच फोन वाजला. "साहेबानु, टाकी सुकी. कालपासून थेंब नाय."

देवगड तालुक्यातली बत्तीस घरांची वाडी. तिथली पाण्याची योजना दोन महिन्यांपूर्वी आम्हीच पुरी करून दिली होती. आराखडा माझा, पाईपचा व्यास माझा, सहीही माझीच. म्हणजे दुसऱ्या कुणावर ढकलायची सोय नव्हती.

योजनेत ना पंप, ना वीज. आपल्याकडचा सडा, म्हणजे डोंगरावरचं सपाट पठार: वर भोकाभोकांचा जांभा आणि खाली चिकण मातीचा थर. पावसाळ्यात तीन-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तो जांभ्यातून झिरपत खाली जातो, चिकण थरावर अडतो आणि सड्याच्या कडेला झरा होऊन बाहेर येतो. असाच एक झरा वाडीच्या वरच्या घळीत होता. टाकीपेक्षा १४ मीटर उंचावर, मधे १,१०० मीटर काळा पाईप. पाणी वर आहे, टाकी खाली आहे, मग येणारच. आठवीतला पोरगाही हेच सांगेल.

आधी झऱ्यावर गेलो. तिथलं दृश्य बघून चक्रावलो. झऱ्यावर बांधलेली पेटी काठोकाठ भरून वाहत होती, पाणी खुशाल घळीतून खाली चाललं होतं. खाली बायका कळशा घेऊन दुसऱ्या वाडीतल्या विहिरीवर आणि वर पाणी वाया! सांडणाऱ्या पाण्याखाली १५ लिटरची बादली धरली, ३६ सेकंदांत भरली. म्हणजे मिनिटाला २५ लिटर. दिवसाचे ३६ हजार. वाडीला पुरून उरेल इतकं.

पाईप कुठे फुटला असेल म्हणून अख्खी लाईन चाललो. करवंदीच्या जाळ्या, काजूची कलमं, दोन वहाळ. कुठेही ओल नाही. टाकीजवळची चावी पूर्ण उघडली तर 'फुस्स' झालं, दोन घोट पाणी ओकलं, मग चिडीचूप.

एव्हाना माणसं जमली होती. एक आजोबा काठीवर हनुवटी टेकून बसले होते. ते म्हणाले, "आमी पोफळीच्या पन्हळींतसून पाणी आणू. थंय कधी वारो अडाकलो नाय." दुसऱ्याने विचारलं, "राखणदाराक नारळ दिलास?" राखणदार म्हणजे वाडीची राखण करणारा देव. मी नाही म्हटलं. त्याने बाकीच्यांकडे असं बघितलं, की संपला विषय.

आजोबा वारा म्हणाले ते खरं तर तिथेच ऐकायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात बसलं ते एका गवंड्यामुळे. शेजारीच एका घराचं जोतं चाललं होतं आणि तो लेव्हलची नळी लावत होता. पारदर्शक, बोटाएवढी, पाण्याने भरलेली. एक टोक त्याच्या हातात, दुसरं पोऱ्याच्या. नळी लावायच्या आधी तो तिच्यावर टिचक्या मारत होता, पुन्हा पुन्हा. कशाला, विचारलं तर म्हणाला, "बुडबुडो रवलो तर लेवल चुकता. भिंत वाकडी जाता."

त्याच्याकडून ती नळी मागून घेतली. भिंतीतल्या दोन खिळ्यांवरून तिला दोन उंचवटे दिले आणि वरच्या टोकातून तांब्याने पाणी ओतलं. पहिल्या उंचवट्यावरून पाणी पलीकडे ओघळलं, खालच्या खोलगटात साठलं आणि त्याच्या वर हवेचा लांबलचक तुकडा कोंडला गेला. दुसऱ्या उंचवट्यावर तसाच आणखी एक. ओतायच्या तोंडाशी पाणी आलं, खालचं टोक मात्र कोरडं. ओतायचं टोक त्याच्यापेक्षा हातभर वर होतं, तरीसुद्धा!

हिशेब असा आहे. उंचवट्यावर चढताना पाणी जी उंची खर्च करतं ती उतरताना त्याला परत मिळते, कारण उतरत्या बाजूच्या पाण्याचं वजन पुढे रेटा देतं. पण त्या उतरत्या भागात पाण्याऐवजी हवा असेल, तर? हवा पाण्याच्या सुमारे आठशेपट हलकी. तिचा रेटा शून्यच धरा. दिलेलं उसनं बुडालं. आमच्या लाईनीला तीन उंचवटे होते आणि त्यांच्या पलीकडचे उतार ७, ६ आणि ५ मीटरचे. बेरीज १८. दाबाखाली हवा थोडी आवळते, त्यामुळे पुरे १८ मीटर जात नाहीत. पण आमच्या हातात होते एकूण १४. ते गिळायला एवढी हवा पुष्कळ झाली. पन्हळ उघडी असते, तिथे हवेला कोंडायला जागाच नाही. मात्र पन्हळीला चढ चढता येत नाही आणि बंद पाईपला येतो, त्याची ही किंमत.

तळेबाजारातून तीन सॅडल, म्हणजे पाईपवर आवळायचे जोड, आणि अर्धा इंची कॉक, म्हणजे छोट्या तोट्या, आणले. प्रत्येक उंचवट्याच्या माथ्यावर पाईपला भोक पाडून ते बसवले. पहिला कॉक उघडला तेव्हा सायकलच्या ट्यूबसारखा आवाज सुरू झाला आणि पाऊण मिनिट थांबेना. मग थुंकल्यासारखे शिंतोडे आणि शेवटी सरळ धार. तिन्ही ठिकाणी तेच. दुपारी एकला टाकीत पाणी पडलं, पोरांनी आरडाओरडा केला, माझ्यासाठी सोलकढी आली.

तीन वाजता पाणी गचके खायला लागलं. बादली भरायला मिनिटाच्या वर.

धावत झऱ्यावर गेलो. पेटी रिकामी, पाईपच्या तोंडावर भोवरा, आणि तो पेजेचा शेवटचा घोट ओरपावा तशी हवा ओढत होता. तिथे मला माझी खरी चूक दिसली. वाडीवाले म्हणाले होते, "मोठो पाईप घाला, जास्त पाणी येतला," आणि मीही ६३ एमएमचा, म्हणजे दोन इंची, लिहून टाकला होता. १४ मीटरच्या उतारावर तो मिनिटाला शंभराच्या वर लिटर ओढू शकतो. झरा देतो २५. उरलेली भूक तो हवेने भागवणार, आणि ती हवा उंचवट्यांवर जाऊन बसणार. बरं, २५ लिटर पाणी एवढ्या रुंद पाईपमधून सेकंदाला जेमतेम १७-१८ सेंटिमीटर सरकतं. ते बुडबुड्यांना उतारावरून खाली ढकलत न्यायला पुरत नाही. ४० एमएमच्या पाईपने काम झालं असतं. पाणी जोरात गेलं असतं, खर्चही वाचला असता. मी पाईप किती वाहील ते मोजलं होतं, झरा किती देईल ते नाही.

टाकीशी येऊन चावी पिळायला लागलो तशी एक काकू कडाडली, "आधीच पाणी नाय आणि ह्यो चावी बंद करता!" बाकीचेही पुढे सरकले. मी म्हटलं, अर्धा तास द्या. चावी जवळजवळ मिटवली, कॉक पुन्हा उघडून हवा काढली, एका पोराला झऱ्यावर उभं केलं. पेटी भरली की हाक मारायची. हाक आली तशी चावी पाव-पाव फेरा उघडत गेलो, पेटीतलं पाणी पाईपच्या तोंडावर वीतभर राहील इतकीच. मग टाकीवर बादली लावली.

३७ सेकंद.

काकूने स्वतः पुन्हा मोजून बघितलं. ३७.

चावीच्या दांड्यावर लाल ऑइलपेंटची खूण केली, याच्यापुढे उघडायची नाही म्हणून. गवंड्याची नळी परत केली तर म्हणाला, ठेवा, कामाक येतली.

संध्याकाळी राखणदाराला नारळ ठेवलाच. गाऱ्हाणं घालणारा म्हणाला, "ह्या इंजिनिअराच्या हातसून काय चुकला-माकला असात तर माफ कर, आणि तेका सांभाळ रे महाराजा." सगळे म्हणाले, "व्हय महाराजा." मीही म्हणालो.