पाऊण तास

पहाटेचे साडेतीन वाजले होते. म्युनिकहून बर्लिनला निघालेली आमची बस तासभर लेट होती, सकाळी नऊला माझी मुलाखत होती, आणि ड्रायव्हरने गाडी हायवेलगतच्या थांब्यात घेऊन इंजिन बंद केलं. माइकवर एवढंच म्हणाला, '45 मिनिटं.'

जर्मनीतला माझा हा पहिलाच लांबचा बसप्रवास. ट्रेनने का नाही गेलीस, असं आईने विचारलंच. आयत्या वेळी ट्रेनचं तिकीट बसच्या चौपट पडत होतं. शिकत असताना तेवढा हिशोब करावाच लागतो आणि त्यात मला काही कमीपणा वाटत नाही.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी इथे कंडक्टरची वाट बघू नये, तो नसतोच. म्युनिकचा स्टँड हाकरब्र्यूकं स्टेशनला लागूनच आहे. तिथे पंधरा-वीस मिनिटं आधी पोचायचं, बॅग आपली आपण डिकीत ठेवायची, मोबाइलवरचं तिकीट आणि पासपोर्ट ड्रायव्हरला दाखवायचा. सीटबेल्ट सक्तीचा. थांब्यावर खाली उतरलात तर परत किती वाजता यायचं ते नीट ऐकून ठेवा. 'सगळे आले का?' म्हणून कुणी डोकी मोजत नाही. शेजारचा माणूस रात्रभर एक शब्द बोलत नाही. आपल्याकडे लोणंद यायच्या आत शेजारणीने गाव, शिक्षण, लग्नाचं विचारून चपाती-भाजीसुद्धा पुढे केली असती. त्या शांततेने मला न्युर्नबर्गपर्यंत घराची फार आठवण आली.

आणि एक गोष्ट अभिमानाने सांगते. या देशात रेल्वेला स्पर्धा नको म्हणून 1930 च्या दशकातल्या एका कायद्याने देशांतर्गत लांबपल्ल्याच्या बस जवळपास अडवून धरल्या होत्या. तो मार्ग मोकळा झाला 1 जानेवारी 2013 ला. आपली एसटी पुण्याहून नगरला निघाली 1 जून 1948 ला. बस कशी चालवायची हे आपल्याला यांनी शिकवायला नको, असंच मी त्या रात्री मनात म्हणत होते.

तर ती 45 मिनिटं. न्युर्नबर्गच्या अलीकडे रस्त्याचं काम चालू होतं, तिथेच तास गेला होता. मला वाटलं, उशीर झालाय तर विश्रांती दहा मिनिटांत आटोपेल. मी पुढे गेले आणि मोडक्या जर्मनमध्ये मुलाखतीचं सांगून विनंती केली. चिडले होते हे खरं, पण माझ्या जागी कुणीही चिडलं असतं.

पन्नाशीचा माणूस. रागावला नाही. मला पायरीवर यायला सांगून त्याने एका छोट्या स्क्रीनकडे बोट दाखवलं. त्या यंत्रात ड्रायव्हरचं स्वतःचं कार्ड घातलेलं असतं. गाडी चालवत असला की तिथे स्टिअरिंगचं चित्र येतं, दुसरं काम करत असला की दोन हातोड्या, आणि विश्रांतीला छोटीशी खाट. स्क्रीनवर खाट होती, आणि बाजूला मिनिटं चढत होती: 7. न्युर्नबर्गला पंधरा मिनिटं थांबलो होतो की, असं मी म्हटलं. तो म्हणाला, तिथे मी बॅगा काढत होतो. म्हणजे हातोड्या. ते विश्रांतीत धरत नाहीत.

युरोपीय संघाचा 2006 चा नियम आहे: साडेचार तास गाडी चालवली की 45 मिनिटं विश्रांती. फार तर आधी 15 आणि नंतर 30 अशी तोडून घेता येते. दिवसाला गाडी चालवायची 9 तास, आठवड्यातून दोनदा 10. सगळं त्या कार्डावर नोंदलं जातं आणि पोलीस रस्त्यात थांबवून तपासतात.

मी खाली उतरले. थांब्यावर संडासाला एक युरो पडतो (त्याची पावती मिळते, ती दुकानात चालते). बाहेर कडाक्याची थंडी होती. परत आले तर ड्रायव्हर पुढच्या सीटवर डोक्यावर जाकीट ओढून झोपला होता. सगळ्या बसमध्ये तोच एकटा गाढ झोपलेला. आणि मला आमचे मामा आठवले.

मामा बावीस वर्षं एका खासगी ट्रॅव्हल्सची कराड-मुंबई रात्रीची गाडी चालवत होते. सकाळी मुंबईत गाडी खाली झाली की मालकाचा फोन यायचा, दुपारचं बुकिंग आहे, लगेच फिरव. त्यांच्या केबिनमध्ये कायम एक पाण्याची बाटली असायची, प्यायची नाही, डोळ्यांवर मारायची. घाटात पहाटे तीन ते पाच फार जड जातात म्हणायचे. लहानपणी मी त्यांच्या शेजारी इंजिनाच्या झाकणावर बसून जायचे, तेव्हा माझं काम एकच, बोलत राहायचं. मला वाटायचं मामांना माझ्या गोष्टी आवडतात.

आपल्याकडे कायदा नव्हता असं मात्र कुणी म्हणू नये. मोटार वाहतूक कामगार कायदा 1961 लाच आला होता: दिवसाला 8 तास काम, आणि सलग पाच तासांच्या आत किमान अर्धा तास विश्रांती. युरोपात असा सामाईक नियम आला 1969 ला. म्हणजे कागदावर आपण आठ वर्षं पुढे होतो. फक्त मामांच्या गाडीत खाट दाखवणारं यंत्र नव्हतं.

सव्वाचारला बरोबर त्याने जाकीट बाजूला केलं, तोंड धुऊन आला आणि गाडी काढली. साडेसातला बर्लिनचा स्टँड आला. मी स्टँडच्याच बाथरूममध्ये कपडे बदलले, कायझरडामला यू-2 मेट्रो पकडली आणि पावणेनऊला इमारतीच्या दारात होते. पहाटे मी ड्रायव्हरवर चिडले होते, ते उतरताना त्याला 'सॉरी' म्हणायचं राहूनच गेलं.

संध्याकाळी मामांना फोन केला. आता ते घरीच असतात, रात्री झोप लागत नाही. सगळं सांगितलं.

"आणि मालक काही बोलत नाही?"

"नाही मामा. नियम मोडला तर मालकालाही दंड होतो."

फोनवर बराच वेळ काही ऐकू आलं नाही.

"पाऊण तास?"

"हो, पाऊण तास."

"गाडीत माणसं बसलेली असताना?"

"सगळी बसलेली. ड्रायव्हर तर झोपलेच."

"बरं केलं," मामा म्हणाले, आणि मुलाखतीचं विचारायला मामींकडे फोन दिला.