गच्चीवरची तार, भाग ३ : खरखर सापडली

शॉर्टवेव्ह रेडिओच्या अँटेनासाठी गच्चीवर २० मीटर तार ताणूनही समाधान नव्हतं. स्टेशनं जोरात लागायची, पण खरखरही तितकीच वाढली होती.

डायपोल (मधोमध जोडणी असलेली सरळ दोन भागांची अँटेना) का नाही, असं काहींनी विचारलं. ३१ मीटर बँडसाठी, म्हणजे ९.६ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या स्टेशनांसाठी, १४३ भागिले ९.६, म्हणजे जवळजवळ १५ मीटर सरळ जागा लागते. आमची गच्ची कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत जेमतेम १४ भरते. म्हणून काटकोनात वळवलेली लाँगवायर, म्हणजे एका टोकाने जोडलेली एकच लांब तार.

रविवारी रेडिओ सेलवर चालू ठेवून घराचा मेन स्विच पाडला. खरखर बरीच उतरली. मग एकेक एमसीबी चढवत गेलो, तर हॉलचा चढवताच ती परत हजर! राउटरचा ॲडॉप्टर. त्याजागी तितक्याच व्होल्टचा, आत ट्रान्सफॉर्मर असलेला जुना जड ॲडॉप्टर लावला.

तरी थोडी उरलीच, आणि खरी मेख इथे आहे. तार आणि रेडिओकडे जाणारी कोॲक्स (बाहेरून धातूची जाळी असलेली केबल) यांचा मेळ घालणाऱ्या माझ्या आधीच्या ९:१ ट्रान्सफॉर्मरमध्ये कोॲक्सची जाळी अँटेनाच्या बाजूलाही जोडलेली होती. घरातला सगळा गोंगाट त्या जाळीवरून गच्चीवर चढायचा आणि तारेत शिरून सिग्नलबरोबर खाली यायचा. म्हणजे कोॲक्सच अँटेना झाली होती. आता ४३ मटेरियलच्या (हा फेराइटचा एक प्रकार) फेराइट रिंगवर तारेकडे ९ वेढे, रेडिओकडे ३, आणि दोन्ही गुंडाळ्या एकमेकींपासून पूर्ण वेगळ्या. तारेकडच्या गुंडाळीचं दुसरं टोक कठड्यालगत सोडलेल्या ६ मीटरच्या काउंटरपॉइजला, म्हणजे अर्थिंगऐवजी वापरलेल्या सुट्या तारेला. जाळीवरून चढणारा गोंगाट अडवायला खिडकीपाशी दुसऱ्या रिंगवर कोॲक्सचेच १० वेढे घेतले.

गुंडाळीची एनॅमल (वार्निशसारखा लेप असलेली) तार जोडण्याआधी ब्लेडने चहूबाजूंनी खरवडा. माझा पहिला सांधा वरून चकचकीत दिसत होता, पण वारा सुटला की स्टेशन जायचं. उकलून पाहिलं तर आत एनॅमल तसंच होतं.

काल रात्री १०,००० किलोहर्ट्झवर चीनच्या शाआन्शी प्रांतातलं बीपीएम हे वेळसंकेत केंद्र लावलं. महिनाभर तिथे फक्त पुसट टिकटिक मिळत होती. ८ वाजून २९ मिनिटांनी टिकटिक थांबली आणि मोर्समध्ये बी, पी, एम, प्रत्येक अक्षर सुटं सुटं आलं. पाठोपाठ बाईंचा चिनी आवाज! भाषा कळत नाही, पण शब्द कुठे संपतो ते स्पष्ट कळत होतं. इतकं स्वच्छ या घरात पहिल्यांदाच ऐकलं.

वळवाचे ढग जमू लागलेत, विजेची भीती असते, त्यामुळे ऐकून झालं की कोॲक्स सोडवून टोक खिडकीबाहेर ठेवतो. पुढच्या रविवारी काउंटरपॉइज १० मीटर करून ४९ मीटर बँडवर काय फरक पडतो ते बघणार आहे.