तुम्ही विचारलंत म्हणून: आवाज कसा वाढवू?

पुरुषोत्तम करंडकाच्या, म्हणजे पुण्यातल्या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेच्या, तालमी सुरू झाल्या की पहिल्यांदाच स्टेजवर उभी राहणारी मुलं हमखास विचारतात, "आवाज मागपर्यंत जात नाही, कसा वाढवू?" जोडीला ज्येष्ठमध आणि गुळण्यांची चौकशी असतेच. एकदाच लिहून टाकते: वाढवू नका. स्पर्धेच्या वेळी भरत नाट्य मंदिरात आपल्या कॉलेजसाठी "आवाज कुणाचा" म्हणून ओरडताना तो बरा पुरतो. कमी पडतो तो श्वास, आणि पडतं ते वाक्याचं शेपूट.

"आईला सांग, या दिवाळीला मी घरी येणार नाही." नवा नट "आईला"वर दणकून जोर देतो. "दिवाळीला"पर्यंत छाती रिकामी. "घरी येणार" कसंबसं निघतं आणि "नाही" हनुवटीबरोबर खाली जमिनीकडे जातं. मागच्या रांगांत पोचलं ते "येणार". आता समोरची नटी रडू लागते. पोरगा घरी येतोय तर ही रडते कशाला? कुणीतरी फिसकन हसतं. नट बिथरतो, पुढचं वाक्य ओरडतो. ओरडल्यावर श्वास आणखी लवकर संपतो आणि आणखी शेवट गळतात. प्रसंग गेला तो गेलाच. आपल्या भाषेत क्रियापद शेवटी, नकार बहुतेकदा त्याच्याही मागे. नेमकं तेच आपण गिळतो.

म्हणून वाक्य उलटं बांधा. आधी नुसतं "नाही". मग "येणार नाही", "घरी येणार नाही", असं करत अख्खं वाक्य, एका श्वासात. दम पुरत नसेल तर संहितेत पेन्सिलीने तिरकी रेघ मारून श्वासाची जागा ठरवा, इथे "सांग"नंतर. पहिला श्वास मात्र क्यू, म्हणजे तुमच्या आधीचं समोरच्याचं वाक्य, संपल्यावर घेऊ नका. समोरच्याचे शेवटचे तीन-चार शब्द चालू असतानाच, खांदे न उचलता घ्या. रोज उताणं झोपून, गुडघे मोडून, पोटावर पुस्तक ठेवा. चार आकड्यांत श्वास आत, मग "स्‌ऽऽ" करत पंधरापर्यंत बाहेर. पंधरा जमले की वीस. मित्राला शेवटच्या रांगेत डोळे मिटून बसवा. शब्द हरवला की त्याने हात वर करायचा. आणि कॉलेजच्या रिकाम्या वर्गावर विसंबू नका. तिथे आवाज घुमतो, म्हणून भरपूर वाटतो. भरलेल्या प्रेक्षागृहात माणसं आणि त्यांचे कपडे तो पिऊन टाकतात.

"पोटातून बोला" असं मीही वर्षानुवर्षं सांगत आले. चुकीचं नव्हतं, पण निरुपयोगी होतं: मुलं पोट आवळून धरायची आणि गळा आणखी घट्ट व्हायचा. "शेवटच्या रांगेशी बोला" हेही सांगून झालं. त्याने फक्त ओरडणं वाढलं.

पण माझा आताचा सल्ला तरी कुठे निर्दोष आहे? शेवट धरायला शिकलेली मुलं प्रत्येक क्रियापदावर हातोडा मारतात. आहेऽ! नाहीऽ! बातम्या वाचल्यासारखं. त्यावर पक्का उतारा मला सापडलेला नाही. सध्या सांगते, शेवटचा शब्द समोरच्या नटाच्या डोळ्यांत बघून सोडा. काहींचा हातोडा सुटतो. काहींचं तोंड मग पुरतं विंगेकडे वळतं आणि "नाही" तिकडे पडदा ओढणाऱ्यालाच ऐकू जातं.